कुटुंबप्रमुख

आमच्या मंडळाचा संस्थापक मी नाही.

मंडळाच्या स्मरणिकेत आणि वार्षिक कार्यक्रमाला सभागृहाबाहेर उभा करतात त्या फलकावर सात संस्थापकांचा फोटो आहे. त्यात डावीकडून तिसरा, जाड चष्म्याचा, तो मी. सातांपैकी दोघेच आता हयात आहोत आणि दुसऱ्याला काही आठवत नाही. म्हणजे खरं काय ते सांगू शकेल असा मी एकटाच उरलो आहे. खोटं ज्याने लिहिलं तोही मीच, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

मंडळ सुरू केलं ते शारजातल्या एका नर्सने. तिला आम्ही सगळे सिस्टर म्हणायचो. एका इस्पितळात ती बाळंतपणाच्या वॉर्डात नोकरीला होती. मूळची सांगलीकडची. उंच, रुंद खांद्यांची, आवाज वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकाला जाणारा. पैठणी नेसली तरी पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. कुणी हसलं की म्हणायची, "पाय माझे आहेत, पैठणीचे नाहीत."

पोरांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, वजनं राहत. इथे जन्मलेल्या आमच्या जवळजवळ प्रत्येक पोराला ती जन्माच्या वजनाने हाक मारायची. "ए दोन नऊशे, इकडे ये. आई कुठेय तुझी?" ही पोरं मोठी झाली, बँकांत लागली, काहींना टक्कल पडलं, तरी हाक तीच. एकाच्या लग्नात स्टेजवर चढून नवऱ्यामुलाला म्हणाली, "तीन चारशे, आईला फार छळलंस हं तू. बावीस तास. आता बायकोला छळू नकोस." मुलीकडची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

पुरुषांना ती एकच प्रश्न विचारायची. आम्ही सोफ्यावर बसून, आलो तेव्हा इथे कशी नुसती वाळू होती, हे एकमेकांना सांगत असू. ती चहाचा कप घेऊन समोर उभी राहायची. बसायची नाही कधी.

"पोराचं जन्माचं वजन किती होतं?"

कुणाला सांगता यायचं नाही.

"पगार किती?"

तो सांगता यायचा. दिरहॅममध्ये, आणि लगेच रुपयांतही.

"वा. हा पाठ आहे." आणि ती निघून जायची.

आम्हाला ती आवडत नसे. आज आदराने लिहितो आहे म्हणून तेव्हाही आदर होता असं कुणी समजू नये.

त्या काळात आमची लग्नं गावी व्हायची. नवरा पंधरा दिवसांच्या रजेवर जाऊन लग्न करून परत यायचा आणि बायको तीन-चार महिन्यांनी, व्हिसा आला की, एकटी विमानाने यायची. विमान उतरायचं तेव्हा नवरा ड्युटीवर असायचा. म्हणून सिस्टर आपली जुनी पांढरी गाडी घेऊन विमानतळावर जायची. लायसन्स तिला सातव्या खेपेस मिळालं होतं, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. "तुमच्यातला एकतरी सात वेळा कुठे गेलाय का?" असं विचारायची. गाडीत बसल्या बसल्या नव्या मुलीला तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे.

"पासपोर्ट कुठेय? पर्समध्ये? तिथेच राहू दे. नवरा मागेल. द्यायचा नाही. सिस्टरने सांगितलंय म्हणावं."

माझी बायको रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती, पहिला वर्ग. तिच्या पासपोर्टवर शिक्का होता: गृहिणी, नोकरी करण्यास परवानगी नाही. रास अल खोरच्या वर्कशॉपमधून संध्याकाळी मी घरी आलो, हातपाय धुतले आणि तिला म्हटलं, "पासपोर्ट दे, कपाटात ठेवतो." ती म्हणाली, "सिस्टरने सांगितलंय, द्यायचा नाही." या देशात माझ्या बायकोने माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मला संताप आला. परक्या बाईने माझ्या संसारात पाय घातला असं वाटलं. त्या पासपोर्टवरचा शिक्का वाचून मात्र मला संताप आला नव्हता. तो मला रीतसर वाटला होता.

सिस्टरचा नवरा तिच्या व्हिसावर आला होता. नर्सला नवऱ्याला आणता येत असे. सांगलीतली पोस्टातली नोकरी सोडून, तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन तो आला, आणि त्याच्याही पासपोर्टवर काम करता येणार नाही असा शिक्का पडला. तीन वर्षं तो घरी होता. भाकरी करायचा, मुलीच्या वेण्या घालायचा, शुक्रवारी आमच्या पोरांना गोळा करून अक्षरं गिरवून घ्यायचा. आम्ही त्याला 'सिस्टरचे मिस्टर' म्हणायचो. जेवायला गेलो की विचारायचो, "काय वहिनी, पिठलं काय मस्त झालंय, कृती सांगा की!" तो हसायचा आणि आणखी एक भाकरी वाढायचा. 'वहिनी' ही हाक प्रथम मी मारली होती. तेही नोंदवून ठेवतो.

आता मंडळाचं. स्मरणिकेत लिहिलं आहे की दुबईतल्या एका हॉटेलात सात दूरदर्शी मराठी माणसं जमली आणि परमुलखात मराठी अस्मितेची ज्योत वगैरे. त्या हॉटेलात आम्ही का जमलो होतो? शारजात दारू मिळत नाही म्हणून. ज्योतीचं दुसऱ्या ग्लासानंतर निघालं.

त्याच्या दोन वर्षं आधी सिस्टरने शारजातल्या आपल्या दोन खोल्यांत संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. अकरा जणी होत्या, तिच्यासकट. त्यांत लग्न न झालेल्या नर्स होत्या, नवरा गेलेली एक शिक्षिका होती, रत्नागिरीकडच्या दोन मुसलमान बायका होत्या, वसईची एक ख्रिस्ती मुलगी होती. सगळ्या मराठी बोलणाऱ्या. सिस्टरने दारातच सांगितलं, "कुंकू लावायचं तिने लावा, नाही तिने नुसता तिळगूळ घ्या. मुद्दा वेगळाच आहे."

मुद्दा बाळंतपणाचा होता. गावाहून आईला आणायचं तर व्हिसा मिळत नसे, तिकीट परवडत नसे. पोरी एकट्या बाळंत होत होत्या. तिसऱ्या दिवशी घरी येऊन ओट्यापाशी उभ्या राहत होत्या, कारण नवऱ्याला कुकर लावता येत नव्हता. सिस्टर हे वॉर्डातून रोज बघत होती. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सिस्टरने बाळंतिणीला वार लावले. सोमवारी अमकीने जायचं, मंगळवारी तमकीने. बाळाला न्हाऊ घालायचं, आईला अळिवाची खीर करून द्यायची, धुणं धुवायचं, आणि दोन तास तिला झोपू द्यायचं. चाळीस दिवस. ज्या दिवशी वार तुझा, त्या दिवशी तुझ्या घरी स्वयंपाक नाही. नवरा काय खायचं ते खाईल.

हे मंडळ. बाकी सगळं त्याच्यावर चढवलेलं.

आमची मुलगी सातव्या महिन्यात झाली, एक किलो सहाशे. मी तेव्हा कंपनीच्या कामाने अबू धाबीच्या पलीकडे वाळवंटात होतो, निरोप तिसऱ्या दिवशी मिळाला. सिस्टर ड्युटी संपल्यावरही घरी न जाता अकरा दिवस बाळाच्या काचेच्या पेटीशेजारी खुर्ची टाकून होती. मी पोहोचलो तेव्हा तिने मला काचेपलीकडून पोर दाखवली आणि म्हणाली, "वजन वाच. पाटी लावलीय. मोठ्याने वाच."

"एक किलो सहाशे."

"आता विसरू नकोस. शवैय शवैय, हळूहळू वाढेल, इन्शाल्ला."

वाढली. त्या चाळीस दिवसांत आमच्या घरी सात वारांच्या सात जणी येऊन गेल्या. मी त्यांना दार उघडायचो आणि गॅलरीत जाऊन बसायचो. एकीचंही नाव मला माहीत नव्हतं. पाटलांची बायको, कुलकर्ण्यांची बायको, एवढंच.

आणि हे सगळं घेऊन झाल्यावर मी जे केलं ते असं.

मंडळ आम्ही हॉटेलात रीतसर स्थापन केलं, तेव्हा घटना घाईत लिहिली. त्यात एक कलम होतं: एक कुटुंब, एक मत, व्हिसा ज्याच्या नावावर, मत त्याचं. गावाहून आलेले पाहुणे, मेव्हणे यांनी मतं देऊ नयेत म्हणून ते घातलं होतं. व्हिसा बाईच्या नावावर असू शकतो हे आमच्या डोक्यातही आलं नाही. पहिल्या निवडणुकीच्या दिवशी पुरुषांच्या रांगेत सिस्टर येऊन उभी राहिली, पासपोर्टचं पान उघडून.

अध्यक्ष म्हणाले, "सिस्टर, अहो, मिस्टरांना पाठवा ना."

"ते माझ्या व्हिसावर आहेत. नियम तुमचाच आहे. कागद द्या."

कागद द्यावा लागला. पुढच्या वर्षी ती एकटी आली नाही. तिच्याबरोबर आठ नर्स आल्या, सदस्य होऊन. प्रत्येकीचा व्हिसा स्वतःच्या नावावर. आणि तिने ठराव मांडला: प्रत्येक सज्ञान माणसाला मत, बायकांनाही. त्याच्या पुढच्या वर्षी ती अध्यक्षपदाला उभी राहणार हे उघड होतं, आणि सगळ्या बायकांना मत मिळालं तर ती निवडून येणार हेही. कारण आमच्यापैकी एकाच्याही बायकोने तिला मत दिलं नसतं असं आम्हाला शपथेवर सांगता आलं नसतं.

ठराव पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब ठेवला. मधल्या महिन्यात अध्यक्षांनी मला बोलावलं. माझं मराठी चांगलं होतं, मसुदे मी लिहायचो.

"काहीतरी सभ्य भाषेत बसव," ते म्हणाले. "कुणाला लागता कामा नये."

मी बसवलं. 'व्हिसाधारक' काढलं आणि 'कुटुंबप्रमुख, म्हणजे पती' असं घातलं. लग्न न झालेल्या नर्सना 'सहयोगी सदस्य' केलं, मताविना. मग एकाने विचारलं, की लग्न न झालेल्या पुरुषांचं काय? अध्यक्ष हसून म्हणाले, "ते भावी कुटुंबप्रमुख." मी ते तसंच्या तसं लिहिलं. इतकी वर्षं घटनेत तो शब्द राहिला. बावीस वर्षांच्या कुणाही पोराला आमच्या मंडळात मत होतं, कारण त्याचं पुढेमागे लग्न होईल. आणि तीनशे बाळं स्वतःच्या हातांनी जगात आणलेल्या बाईला नव्हतं.

दुरुस्ती हात वर करून मंजूर झाली. मी हात वर केला होता. बायका बाजूच्या खोलीत जेवणाची पानं मांडत होत्या, तिथून त्यांना दिसत होतं.

लगेच नवी निवडणूक घेतली. सिस्टरच्या घरचं मत आता तिच्या नवऱ्याचं. अध्यक्षांनी पुकारलं, "या, कुटुंबप्रमुख!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्याही. तो माणूस शांतपणे पुढे आला. कागद हातात घेतला, पाहिला आणि टेबलावर परत ठेवला.

"मी डिपेंडंट आहे," तो म्हणाला. "इतकी वर्षं तुम्हीच सांगत होता."

आणि जाऊन बसला. त्या घराने त्यानंतर कधीही मत दिलं नाही. तो बारा वर्षांपूर्वी वारला. माफी मागायला तो मला मिळाला नाही.

घरी येऊन इमारतीखाली गाडी लावली तेव्हा बायको म्हणाली, "मसुदा तुझाच होता ना? वाक्यं ओळखू आली." एवढंच. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मंगळवार तिचा. ती अध्यक्षांच्या घरी गेली, कारण त्यांची सून बाळंत झाली होती.

बायकांना वार बंद करायचे होते. सिस्टरने करू दिले नाहीत. "बाळांनी काय केलंय? बाळाचं बंद करायचं नाही. गणपतीच्या मोदकांचं तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी बघितलं. त्या गणपतीला एकाही घरातून मोदक आला नाही. अध्यक्ष म्हणाले, त्यात काय मोठं, आम्ही करू. एका सदस्याच्या व्हिलाच्या स्वयंपाकघरात आम्ही नऊ पुरुष, त्यांत पाच इंजिनियर, उकडीचे मोदक करायला उभे राहिलो. पिठी कुणीतरी इडलीच्या तांदळाची आणली होती. पारी वळेना. वळली ती चिरली. शेवटी चाळणीत जे शिजलं त्याला नैवेद्य म्हणायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून खाली दुकानात जाऊन पेढ्यांचे खोके आणले. पुढे स्मरणिकेत मी लिहिलं: 'त्या वर्षी उत्सव साधेपणाने साजरा करण्याचा स्तुत्य निर्णय कार्यकारिणीने घेतला.'

इतिहास असा लिहिला जातो. मी लिहिला आहे, मला माहीत आहे.

मंडळाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा त्या स्मरणिकेचा संपादक मी होतो. सिस्टरने एक पान पाठवलं, अकरा नावं आणि त्यांचे वार, बाकी एक शब्द नाही. मी ते छापलं नाही. तिने फोन केला तेव्हा म्हणालो, "जागेअभावी राहिलं." त्या जागी ट्रॅव्हल एजन्सीची जाहिरात होती. बायकांसाठी शेवटी अर्धं पान ठेवलं, 'पडद्यामागील शक्ती', त्यात समस्त भगिनीवर्गाचे आभार. एकही नाव नाही. सात पुरुषांवर मात्र चौदा पानं. कोणी कुठला पूल बांधला, कोणी कुठला टॉवर. ते खोटं नाही, आम्ही बांधले. पण ती चौदा पानं वाचली तर वाटतं, आमच्या लोकांत पंचवीस वर्षं कुणी जन्माला आलंच नाही, कुणी आजारी पडलं नाही, कुणी जेवलं नाही. नुसती पुरुषमाणसं विमानातून उतरली आणि काँक्रीट ओतत राहिली. या देशात आम्हाला कुणी कायमचं ठेवून घेणार नव्हतं, आणि तरी जगभरचे वसाहतवाले सांगतात तीच बढाई आम्ही मारली: वाळू होती, आम्ही आलो, आम्ही घडवलं. या 'आम्ही'तून अर्धी माणसं कापून टाकायला एक शब्द पुरला, आणि तो मी सुचवला होता.

या वर्षी मंडळ नवा इतिहास करतं आहे, व्हिडिओवर. माझी नात त्या कामावर आहे. तिने फोन समोर उभा केला आणि विचारलं, "आजोबा, हू वॉज द फर्स्ट? म्हणजे सगळ्यात आधी स्टार्ट कुणी केलं?"

मी नेहमीचं सुरू केलं. सात माणसं, हॉटेल. माझी मुलगी, ती एक किलो सहाशे, शेजारी लॅपटॉपवर काम करत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, आई असं नाही सांगायची."

नातीने रेकॉर्डिंग बंद केलं नाही. बायकोला जाऊन चार वर्षं झाली. तिने हे सगळं मुलीला सांगून ठेवलं होतं, वारांसकट. मला कळूही दिलं नव्हतं. मुलीने लॅपटॉप मिटला.

"मंडळात अजून मत तुम्हीच देता ना? घर माझं, व्हिसा माझा. आय स्पॉन्सर यू, अँड यू व्होट फॉर मी. यू नो दॅट, राइट?"

मला माहीत होतं. या देशात बायका मंत्री आहेत, विमानं उडवतात. आमच्या मंडळात डॉक्टर आहेत, बँकेच्या मॅनेजर आहेत. आणि त्यांच्या घरचं मत कुटुंबप्रमुख, म्हणजे पती, नाहीतर माझ्यासारखा म्हातारा बाप देत होता. निवडणुका बिनविरोध होत आल्या, म्हणून कुणी त्या कलमाकडे पाहिलं नाही. मी पाहिलं होतं. दर वर्षी पाहत होतो.

सिस्टर आता दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये मुलीकडे असते, त्र्याऐंशी वर्षांची. नातीला घेऊन मी गेलो. ती खिडकीपाशी उभी होती, वॉकरला धरून. मला पाहून म्हणाली, "बस. माफी मागायला आलायस का? तोंडावरून तसंच वाटतंय."

"हो."

"बायको गेल्यावर आठवलं?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"माफीचं राहू दे. मला त्याचं काय करायचंय? तो नियम आहे अजून?"

"आहे."

"मग कशाबद्दल माफी? चालूच आहे की तुझं."

मी म्हणालो, मी सगळं लिहिणार आहे, तुमचं नाव संस्थापक म्हणून देणार आहे. ती भडकली. त्र्याऐंशीव्या वर्षीही त्या आवाजाने शेजारच्या खोलीतून तिची मुलगी धावत आली.

"माझं एकटीचं? म्हणजे सातांच्या जागी एक? काय फरक मग? अकरा होतो आम्ही. अकरा टाक, नाहीतर एकही नको. आणि त्यात मी कोणती हे सांगायचं नाही."

मला नावं ठाऊक नव्हती हे मला तिच्यासमोर कबूल करावं लागलं. ते पान मी केव्हाच फेकलं होतं. ती नातीकडे वळली. "तू लिही गं. याला सवय नाही."

नातीने लिहिलं: शालिनी, कुंदा, मेहरुन्निसा, फिलोमिना, विजया, सुमन, रजनी, झुबेदा, इंदू, मालती, वत्सला.

"आता हे छाप," सिस्टर म्हणाली. "पण आधी सभेत उभा राहून तो नियम काढ. लिहिलेलं काय, तुम्ही लोक जागेअभावी काढून टाकता."

गेल्या महिन्यात वार्षिक सभा झाली. मी उभा राहिलो. जे इथे लिहिलं आहे ते बोललो आणि ठराव मांडला: कुटुंबप्रमुख हा शब्द काढावा, प्रत्येक सज्ञान सदस्याला मत असावं. सभागृहात दोन-तीनशे माणसं, त्यांत निम्म्याहून अधिक बायका. हल्लीचे अध्यक्ष चाळिशीचे, फार सभ्य.

"काका, तुम्ही आमचे पायोनियर. हा इमोशनल विषय आहे, वी रिस्पेक्ट. पण प्रोसीजरप्रमाणे यावर मतदान कुटुंबप्रमुखच करू शकतात."

म्हणजे बायकांना मत असावं की नसावं हे त्यांचे नवरे ठरवणार. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. मला पाणी दिलं.

हात मोजले. बाजूने एकवीस. विरोधात बत्तीस. बाकीचे मोबाइलमध्ये होते. बत्तिसांत अशी माणसं होती ज्यांना मी लंगोटात पाहिलं आहे, ज्यांच्या आयांच्या घरी माझी बायको मंगळवारी जात होती.

अध्यक्ष "ठराव खलास, पुढचा विषय" असं म्हणणार, इतक्यात माझी नात वही घेऊन पहिल्या रांगेपाशी गेली.

"हात खाली करू नका हां, अंकल. नावं लिहून घेते."

"नावं कशाला, बेटा?"

"हिस्टरीसाठी. विरोधात कोण होतं ते व्हिडिओत शेवटी टाकणार. पूर्ण नाव सांगा. मिडल नेमसकट."

पहिल्या रांगेतला गृहस्थ म्हणाला, "माझं नको गं, मी नुसता खांदा मोकळा करत होतो." मागून एक बाई जोरात हसली. त्याच्या शेजारच्याचा हात खाली गेला. नात दुसऱ्या रांगेकडे वळली आणि ती पोहोचायच्या आतच त्या रांगेतले हात खाली गेले. एक बायको नवऱ्याला म्हणाली, "आता का? सांग की नाव." तिसऱ्या रांगेपर्यंत सभागृहात इतका गलका झाला की अध्यक्षांना पुन्हा मोजणी घ्यावी लागली. विरोधात नऊ उरले. नऊ जणांनी नावं दिली. ती इतिवृत्तात आहेत, आणि एका अर्थी ते नऊच त्या दिवशीचे प्रामाणिक. उरलेल्यांना पटलं नव्हतं, फक्त नाव लागायला नको होतं. आमच्या वेळी कुणी अशी वही घेऊन समोर उभं राहिलं असतं तर मीही हात खाली घेतला असता. मला याची लाज वाटते, आणि ठराव मंजूर झाल्याचा आनंदही त्या लाजेतून सुटा होत नाही.

सभागृहाबाहेर येऊन मी सिस्टरला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग आवाज आला, "बोल."

"ठराव मंजूर झाला. सगळ्यांना मत."

"बरं. निवडणूक कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"अध्यक्षपदाला कोण उभी राहतेय?"

"अजून कुणी नाही."

"मग फोन कशाला केलास?" ती म्हणाली, आणि ठेवून दिला.